दिग्रस भागातील गुलाबास वसंतातील वरखत

गुलाब हे खताची मोठी भूक असलेले फुलझाड आहे. मोगरा किंवा जास्वंद एकदा लावल्यावर थोड्या खतावरही वर्षानुवर्षे तग धरते. गुलाबाचे तसे नाही. त्याचे फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. जितकी नवी फूट जोमदार, तितके फूल मोठे व दांडा लांब. प्रत्येक बहारास नवी फूट काढावयाची म्हणजे प्रत्येक बहारास जमिनीतून अन्न उचलणे आलेच. यास्तव गुलाब लावणारा मनुष्य खताची चौकशी प्रथम करतो. परंतु कोणते खत द्यावे याची जितकी विचारपूस होते, तितकी ते केव्हा द्यावे आणि केव्हा थांबवावे याची होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस व त्याच्या आसपासच्या गावांत गुलाबाची पुष्कळ झाडे उन्हाळ्यात जळतात. अशा वेळी खत कमी पडले असे समजून आणखी खत घातले जाते. वस्तुतः बऱ्याच वेळा अवेळी व अधिक दिलेले खत हेच झाड जळण्याचे कारण असते.

पुस्तकातील वसंत आणि दिग्रसचा वसंत

गुलाबाविषयीच्या अनेक पुस्तकांत वसंत ऋतूत भरपूर खत द्यावे असा सल्ला आढळतो. तो सल्ला थंड देशांतून आलेला आहे. इंग्लंडसारख्या देशात हिवाळ्यात गुलाब झोपी गेलेला असतो. थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची छाटणी होते, नंतर डोळे फुटू लागतात आणि पुढे सहा महिने सौम्य हवेत झाड वाढत राहते. तेथे वसंत हा गुलाबाच्या वर्षाचा आरंभ आहे. म्हणून मुख्य खत तेथे वसंतात देणे योग्य ठरते.

दिग्रसकडे क्रम याच्या उलट आहे. येथे पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात म्हणजे ऑक्टोबरात गुलाबाची मुख्य छाटणी करतात. छाटणीनंतर सुमारे सहा ते सात आठवड्यांनी फुले येतात. पहिला बहार नोव्हेंबरच्या अखेरीपासून, दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत आणि तिसरा मार्चच्या सुमारास मिळतो. थंडीचे दिवस हेच येथील गुलाबाच्या भरभराटीचे दिवस होत. पंचांगातील वसंत ऋतू, म्हणजे चैत्र व वैशाख, हा येथे कडक उन्हाचा काळ असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत गुलाब वाढत नाही, तो जीव धरून राहतो.

शेणखत, स्फुरद आणि खताचा मोठा हप्ता हा म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर द्यावयाचा असतो. वसंतात द्यावयाचे ते हलके वरखत होय. थंडीचे दोन बहार देऊन थकलेल्या झाडास शेवटच्या बहारापुरते बळ यावे आणि उन्हाळ्यापूर्वी त्याची पाने निरोगी राहावीत, एवढाच त्याचा हेतू.

वरखताची वेळ लक्षात ठेवण्यास तिथींचा चांगला उपयोग होतो. वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीस येते. पहिला हप्ता त्या सुमारास द्यावा. महाशिवरात्र त्यानंतर सुमारे साडेतीन आठवड्यांनी, माघ वद्य चतुर्दशीस येते. दुसरा हप्ता त्या सुमारास द्यावा. होळीनंतर खत देऊ नये. ज्या वर्षी होळी उशिरा येते, त्या वर्षी १५ मार्च हीच शेवटची मर्यादा समजावी. इतके पथ्य पाळले तरी उन्हाळ्यातील अर्धी हानी टळते.

प्रथम पाण्याचा हिशेब

वरखत देण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या विहिरीकडे पाहावे. खताने झाड कोवळी फूट काढते. कोवळ्या पानांतून पाणी झपाट्याने उडून जाते. फेब्रुवारीत काढलेली भरगच्च फूट एप्रिलात पाण्यावाचून राहिली, तर झाड तो भार सोसू शकत नाही. शेंडे प्रथम माना टाकतात, मग फांद्या वरून खाली वाळत येतात.

काळ्या जमिनीत लावलेल्या एका मोठ्या झाडास उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी सुमारे १० लिटर पाणी लागते, असे धरून चालावे. घराजवळ २० झाडे असतील, तर दर चौथ्या दिवशी २०० लिटर, म्हणजे सरासरीने रोज ५० लिटर पाणी झाले. हाराच्या फुलांसाठी एका गुंठ्यात मीटरभर अंतराने सुमारे १०० झाडे लावली असतील, तर दर चौथ्या दिवशी १,००० लिटर पाणी हवे. मृगाचा पाऊस स्थिर होईपर्यंत हे पाणी मिळण्याची खात्री असेल तरच दोन्ही हप्ते द्यावेत. पाणी मार्चअखेरपर्यंतच पुरणार असेल, तर वसंतपंचमीचा एकच हप्ता द्यावा. विहीर शिवरात्रीलाच तळ गाठत असेल, तर काहीही खत देऊ नये. अशा झाडास आच्छादन आणि कळ्या खुडणे हाच खरा आधार होय.

खताने झाड कसे जळते हे समजून घेतले म्हणजे या नियमाचे महत्त्व पटते. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवले असता थोड्या वेळाने त्यांस पाणी सुटते. मिठाने फोडीतील पाणी बाहेर ओढलेले असते. रासायनिक खते हेही क्षारच आहेत. ओलाव्यात ती विरळ राहिली, तर मुळे त्यांतील अन्न घेतात. ओलावा कमी होऊन ती दाट झाली, तर कैरीच्या फोडीप्रमाणेच मुळांतील पाणी बाहेर ओढले जाते. मग जमीन थोडी ओली असूनही झाड तहानलेले राहते, आणि जुन्या पानांच्या कडा प्रथम करपतात.

येथील जमिनीचा स्वभाव

दिग्रस हे अरुणावती नदीच्या खोऱ्यात वसले आहे. या भागात काळ्या पाषाणापासून बनलेली काळी व मध्यम काळी जमीन बहुतेक ठिकाणी आढळते. ही जमीन ओलावा पुष्कळ धरते व सामान्यतः पालाशाने समृद्ध असते. परंतु तिच्यात तीन अडचणी आहेत. पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. तिसरी अडचण चुनखडीची. मातीत पांढरे चुनखडे दिसत असतील आणि मातीचा सामू ८ च्या आसपास किंवा वर असेल, तर लोह व स्फुरद जमिनीत असूनही झाडास मिळत नाहीत.

सुपर फॉस्फेट वसंतात वरून टाकण्यात अर्थ नाही, तो याच कारणाने. त्यातील स्फुरद जागीच चुन्याशी बांधला जातो व मुळांपर्यंत उतरत नाही. तो ऑक्टोबरात शेणखतात मिसळून मुळांच्या थरात घालावा. हाडांचा चुरा तर अशा जमिनीत फारच हळू विरघळतो. चुलीतील राख गुलाबास चांगली, अशी समजूत आहे. आम्ल जमिनीत ती खरी असू शकेल. चुनखडीच्या जमिनीत राखेने सामू आणखी वाढतो व पाने अधिक पिवळी पडतात.

ज्या शेतकऱ्यांजवळ मृद आरोग्य पत्रिका आहे, त्यांनी ती वाचून पाहावी. ही योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेतील सामू, विद्राव्य क्षार, सेंद्रिय कर्ब, पालाश आणि लोह हे पाच आकडे गुलाबासाठी विशेष महत्त्वाचे आहेत. मात्र ती पत्रिका शेताच्या मातीची असते. घराजवळच्या बागेत बांधकामाचा चुना व मुरूम मिसळलेला असल्यास त्या मातीचा नमुना वेगळा काढून तपासून घ्यावा.

वरखत कोणते व किती

दोन वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या निरोगी झाडास प्रत्येक हप्त्यात सुमारे ५ ग्रॅम नत्र पुरेसे आहे. अमोनियम सल्फेटमध्ये शेकडा २०.५ नत्र असते. तेव्हा २५ ग्रॅम अमोनियम सल्फेटमधून हे नत्र मिळते. त्यातील गंधकाचाही झाडास उपयोग होतो व चुनखडीच्या जमिनीत त्याचा किंचित आम्ल गुण हिताचा ठरतो. अमोनियम सल्फेट न मिळाल्यास ११ ग्रॅम यूरिया द्यावा, कारण यूरियात शेकडा ४६ नत्र असते. पत्रिकेत पालाश कमी दाखविला असेल तरच पहिल्या हप्त्याबरोबर १० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट द्यावे.

येथेच सर्वांत मोठी चूक होते. कपाशीसाठी आणलेली यूरियाची पिशवी घरात असते, आणि तीतून गुलाबाच्या प्रत्येक झाडास एक मूठ टाकली जाते. मोठ्या माणसाच्या भरल्या मुठीत सुमारे ४५ ग्रॅम यूरिया मावतो. त्यात २० ग्रॅमहून अधिक नत्र असते, म्हणजे एका हप्त्याच्या चौपट. वास्तविक २० झाडांच्या दोन्ही हप्त्यांस मिळून ४४० ग्रॅम यूरिया पुरतो. अमोनियम सल्फेट वापरल्यास एक किलो लागते. यूरियाची ४५ किलोची एक पिशवी दोन हजार झाडांच्या दोन्ही हप्त्यांस पुरेल. यावरून मुठीचे माप किती घातक आहे हे ध्यानात येईल.

घरी वजनाचा काटा नसल्यास किराणा दुकानात एकदा ११० ग्रॅम यूरिया तोलून घ्यावा. त्याचे दहा सारखे वाटे करावेत. एक वाटा लहान डबीत घालून तेथे खूण करावी. ती डबी पुढे मापासाठी ठेवावी. अमोनियम सल्फेटसाठी २५० ग्रॅम तोलून अशीच वेगळी डबी करावी. दोन्ही खतांना एकच माप वापरू नये.

रासायनिक खत द्यावयाचे नसेल, तर शेणाचे पाणी उत्तम. एक किलो ताजे शेण १० लिटर पाण्यात कालवून चार दिवस सावलीत ठेवावे व रोज ढवळावे. मग ते गाळून, कोऱ्या फिकट चहासारखा रंग येईपर्यंत त्यात पाणी मिसळावे. असे दोन लिटर पाणी एका झाडास पंधरा दिवसांच्या अंतराने होळीपर्यंत द्यावे. ताजे शेण मात्र बुडाशी घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते व वाळवीस आश्रय मिळतो.

ऑक्टोबरचे खत ज्यांच्याकडून राहून गेले असेल, त्यांनी ती उणीव भरून काढण्यासाठी वसंतात दुप्पट वरखत देऊ नये. अशा झाडास माघात दोन किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे व वरखत नेहमीच्याच मापाने द्यावे.

खत देण्याची रीत

१. थंडीच्या बहाराची सुकलेली फुले प्रथम काढावीत. फुलाखालील दांड्याचा काही भाग घेऊन, पाच पानांच्या निरोगी पानावरील डोळ्याच्या वर काप घ्यावा. वाळलेल्या व आत वळलेल्या काड्याही काढाव्यात. मोठी छाटणी या दिवसांत करू नये.

२. कलमाच्या जोडाखालून निघालेले रानटी फुटवे मुळाशी उपटून टाकावेत. ते राहिले तर दिलेले खत त्यांच्याच वाढीस जाते.

३. खत देण्याच्या आदल्या दिवशी झाडास पाणी द्यावे. कोरड्या जमिनीत खत कधीही घालू नये.

४. खोडापासून वीतभर अंतर सोडून, फांद्यांच्या घेराखाली खुरप्याने दोन बोटे खोल गोल चर काढावा. गुलाबाची बारीक मुळे वरच्या थरात असतात, म्हणून खोल खणू नये.

५. खत चरात सारखे पसरून लगेच मातीने झाकावे. चुनखडीच्या जमिनीत उघडे पडलेले यूरिया अथवा अमोनियम सल्फेट यांतील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने हवेत उडून जाते. उन्हाने ही नासाडी वाढते.

६. झाकल्यावर त्याच वेळी भरपूर पाणी द्यावे. हे काम सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर करावे.

कुंडीतील झाडांस कोरडे खत देऊ नये. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवून, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा द्यावे व होळीस थांबवावे.

पिवळे पान काय सांगते

पान पिवळे दिसले की यूरिया टाकावा, असा अनेकांचा प्रघात आहे. परंतु पिवळेपणा कोठून सुरू झाला हे पाहिल्यावाचून उपाय करू नये. खालची जुनी पाने सर्वत्र सारखी फिकट होत असतील व फूट बारीक असेल, तर नत्राची उणीव समजावी. जुन्या पानांच्या कडा करपत असतील, तर पालाश कमी असेल किंवा क्षार वाढले असतील. अलीकडेच खत दिले असल्यास दुसऱ्या कारणाचा संशय आधी घ्यावा. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर ती लोहाची उणीव होय. काळ्या चुनखडीच्या जमिनीत हा प्रकार वारंवार आढळतो. येथे यूरिया देणे व्यर्थ आहे.

लोहाच्या उणिवेसाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे. हे ताजे द्रावण सायंकाळी कोवळ्या पानांवर फवारावे. प्रथम एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी व पाने भाजली नाहीत याची खात्री करून घ्यावी. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या पुरतात. हिराकस नुसते जमिनीवर टाकल्यास ते चुन्यामुळे लवकरच निरुपयोगी होते. जमिनीतूनच लोह द्यावयाचे झाल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह घ्यावे. ते महाग असले तरी चुनखडीच्या जमिनीतही टिकते. बुडाशी पाणी साचत असेल तर तेही थांबवावे, कारण सदा चिंब राहिलेल्या मातीत हा पिवळेपणा वाढतो.

कोणत्या झाडास खत देऊ नये

नुकतेच लावलेले कलम, पाण्यावाचून सुकलेले झाड, शेंड्याकडून वाळत आलेले झाड आणि मुळाशी वाळवी लागलेले झाड, या चौघांस वरखत देऊ नये. सुकलेल्या झाडास आधी पाणी द्यावे. वाळत आलेली फांदी निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून टाकावी. वाळवीचा बंदोबस्त आधी करावा. झाडाने पुन्हा आपल्या बळावर फूट काढली, म्हणजे निम्म्या मापाने खत देण्यास हरकत नाही. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या झाडासही निम्मेच माप पुरते.

होळीनंतरची व्यवस्था

होळीनंतर खताची जागा आच्छादनाने घ्यावयाची असते. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार या भागात घरोघरी असते. त्याचा चार बोटे जाड थर झाडाभोवती पसरावा. खोडास मात्र तो चिकटू देऊ नये. आच्छादनाखाली जमीन थंड राहते, भेगा कमी पडतात व पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर वाढविता येते. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी थर पातळ ठेवून वरचेवर उलटून पाहावा. पावसाळ्यात हेच कुटार कुजून जमिनीत मिसळते.

चैत्रात येणाऱ्या कळ्या लहान व फिक्या असतात. रामनवमीस पोहरादेवीची यात्रा भरते, त्या सुमारास उन्हाचा जोर चांगलाच वाढलेला असतो. तेव्हापासून कळ्या लहान असतानाच खुडून टाकाव्यात. मिळणाऱ्या चार फुलांपेक्षा झाडात राहिलेले बळ अधिक मोलाचे आहे. हाराच्या फुलांसाठी महाराष्ट्रात बरीच लावली जाणारी ग्लॅडिएटर जात असो वा घरचा गावठी गुलाब असो, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय बोलून सांगण्यापेक्षा दाखवून लवकर पटतो. गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत एकाच जातीची व सारख्या वयाची सहा झाडे निवडावीत. तीन झाडांस वर सांगितल्याप्रमाणे दोन हप्ते मोजून द्यावेत व होळीनंतर आच्छादन घालावे. उरलेल्या तिघांस खत न देता आच्छादन तेवढे घालावे. सहाही झाडांना पाणी सारखेच द्यावे. मार्चमधील फुलांची संख्या, दांड्याची लांबी व जूनच्या आरंभी प्रत्येक झाडावर जिवंत राहिलेल्या फांद्या, या तीन गोष्टींची नोंद ठेवावी. खताने किती लाभ झाला व तेवढ्यासाठी पाण्याची तजवीज परवडली की नाही, हे शेतकऱ्यास आपल्याच बागेत पाहता येईल. मुठीने यूरिया टाकून झाड जाळून दाखविण्याचा प्रयोग मात्र कोणाच्याही बागेत करू नये.

गुलाबाचे कलम नीट जपल्यास अनेक वर्षे फुले देते. फुले विकून घरखर्चास हातभार लावणाऱ्या कुटुंबाचे झाड एका उन्हाळ्यात जळाले, तर कलमाची किंमत जातेच, शिवाय नवे झाड फुलावर येईपर्यंतचे उत्पन्नही बुडते. वसंतपंचमीस पहिला हप्ता, शिवरात्रीस दुसरा, होळीस बंद, आणि या सर्वांच्या आधी विहिरीतील पाण्याचा अंदाज, एवढे पथ्य पाळल्यास हा तोटा बऱ्याच अंशी टाळता येईल.